धावत्या हृदयाचा एमआरआय

७ जानेवारी, रविवार

परत फुकट! एक फोटो धड नाही. एमआरआयच्या बोगद्यात उताणं झोपून पेडल मारायचे आणि त्याच वेळी मशीनने हृदयाचे फोटो घ्यायचे — कागदावर किती सोपं! पाय हलले की छाती हलते, छाती हलली की सगळं धूसर. हृदय कुठलं नि फुप्फुस कुठलं, मलाच कळेना. आणि मी म्हणे रेडिओलॉजिस्ट!

आजचा माणूस उंच. गुडघे वर आदळले. बेल दाबून बाहेर आला. "मॅडम, त्यापेक्षा जिना चढायला सांगा."

९ जानेवारी

विभागप्रमुख श्यामसुंदर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "रेवती, टूडी इको आहे ना आपल्याकडे? सोड हा नाद."

कितीदा सांगू त्यांना! स्वस्थ पडल्यावर आजारी हृदयही शहाण्यासारखं वागतं. दमल्यावर ते काय करतं, ते बघायचंय मला. तर म्हणे, "महिनाअखेरपर्यंत बघ. मग रविवारचं मशीन पेशंटना." अंधेरीतलं एवढं मोठं हॉस्पिटल, त्यात मला एक रविवारची सकाळ. तीही खुपते!

१४ जानेवारी, रविवार

पेडलचा पट्टा तुटला. घरी येऊन यज्ञेशवर ओरडले. उगाच.

२० जानेवारी

आमचा टेक्निशियन प्रज्योत म्हणतो, श्वास रोखायला लावूच नका. चालू श्वासात फोटो घेऊन बघू. करून बघायला हरकत नाही. पण माणूस? "छाती न हलवता पाय मारणारा पाहिजे, मॅडम. तुमच्या घरीच आहेत ना सर."

सर म्हणजे यज्ञेश. माझा नवरा रोज सकाळी मुलुंडभर धावतो. विचारलं. भडकलाच!

"रविवारी माझी लाँग रन असते. पुढच्या महिन्यात शर्यत आहे, रेवती."

"एकदाच रे."

"तुझं प्रत्येक वेळी एकदाच असतं!"

 जेवताना त्याने भाजीसुद्धा मागितली नाही. हात धुताना म्हणाला, "येतो. पण नाही जमलं तर रडायचं नाही, यार."

२८ जानेवारी, रविवार

जमलं!! प्रत्येक ठोका स्वच्छ. डावा कप्पा, उजवा कप्पा, मधला पडदा — सगळं लख्ख! प्रज्योतने शिट्टीच मारली. यज्ञेश घामाने निथळत बाहेर आला. "झालं समाधान?" सगळ्यांसमोर मिठी मारली त्याला. श्यामसुंदर सर मुद्दाम बघायला आले होते. "झकास," म्हणाले. चक्क!

हृदय थोडं मोठं आहे त्याचं. धावणाऱ्यांचं असतंच. आकडे उद्या काढते.

२९ जानेवारी

पेडलचा जोर वाढवला की निरोगी हृदय दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर फेकतं. आकडा चढायला हवा. यज्ञेशचा चढत नाही. पेडल जड होतात, ठोके वाढतात, आकडा मात्र तिथेच — शेवटी तर जरा खालीच.

मोजण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजलं. मग प्रज्योतला मोजायला लावलं. तोही तेच. तो माझ्याकडे बघेना.

सरांकडे गेले. त्यांनी दार लावलं, सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले. मनात म्हटलं, आता म्हणा ना, सोड हा नाद! म्हणा ना, फोटोच चुकलेत!

"रेवती, हे धावणाऱ्याचं मोठं हृदय नाही. आजार आहे. लवकर सापडलाय, औषधं आहेत. पण त्याचं धावणं आत्ताच्या आत्ता बंद कर."

घरी आले. तो शर्यतीचं बोलत होता. मी पोळ्या लाटत राहिले.

३० जानेवारी

सकाळी तो धावायला निघाला. मी दारात आडवी उभी राहिले.

"काय गं? परत तुझं मशीन?" चिडला होता.

सांगायला गेले आणि रडूच फुटलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.