टॉवेलाखालची वस्तू

परळ,
रविवार, दुपार

आदरणीय कमलवहिनींस,

राधाचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे खरं तर वाकता येत नाही, पण पत्रात वाकायला काय जातंय.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? वैद्यांच्या त्या हिरव्या तेलाने उतार पडला की नुसत्याच चादरी खराब झाल्या? शामरावभाऊजींचा खोकला, परसातला फणस, मांजरीची पिल्लं, सगळी मंडळी खुशाल असतील अशी आशा करते. आम्ही इकडे ठीक. चाळ पाडल्यापासून आमच्या सुशांतने भाड्याने घेतलेल्या या सतराव्या मजल्यावर राहतो आहोत. शेजारी कोण आहे ते दोन वर्षांत कळलेलं नाही. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, तेवढीच सोबत.

पुढे वाचण्याआधी एक करा. चष्मा भाऊजींना देऊ नका, स्वतः लावा. गावाला गेल्यापासून तुमची पत्रं, लाइटची बिलं, लग्नपत्रिका सगळं भाऊजी ओटीवर बसून मोठ्याने वाचतात आणि ते पलीकडच्या वाडीला ऐकू जातं हे मला ठाऊक आहे. हे पत्र ओटीवर वाचण्यासारखं नाही. फोन करावा तर तुमचा फोन कायम स्पीकरवर. म्हणून पत्र. तीस वर्षांत तुम्हाला हे पहिलंच लिहितेय, कारण तीस वर्षं आपल्या दोन घरांमध्ये एक लाकडी पार्टिशन होतं आणि त्यातून सगळं आपोआप पोचायचं. (एक गोष्ट सोडून. तीच सांगायला बसलेय.)

तर सरळ सांगते. चार वर्षांपूर्वी गॅलरीतल्या दोरीवरून तुमची जी वस्तू नाहीशी झाली, ती अपूर्वाने परत घेतली नव्हती. ती माझ्याकडे होती. अजून आहे. वस्तू म्हणजे ब्रा. (लिहिला बाई एकदाचा शब्द. छप्पन्न वर्षांची झाले, पण कागदावर आज पहिल्यांदा लिहिला.) तुम्ही सुनेवर आळ घेतलात, तिच्याशी बोलणं टाकलंत, हर्षवर्धन तिला घेऊन डोंबिवलीला गेला आणि आता ती आठव्या महिन्यात असताना तुम्ही बाळंतपणाला जायचं नाही म्हणून हटून बसलात. (भाऊजींनी परवा फोनवर सांगितलं, आणि मागून तुमचा आवाज आला, ‘माझो पाय थंय पडूचो नाय!’) या सगळ्याच्या मुळाशी मी आहे, वहिनी.

आता हे घडलं कसं? चाळीची रीत मी तुम्हाला काय सांगायची. पुरुषांच्या भोकाभोकांच्या गंज्या अख्ख्या लालबागला दाखवत डोलायच्या, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण बाईने ब्रा वाळत घालायची ती टॉवेलाखाली, नाहीतर परकराखाली. बावीस खोल्या, तीसेक बायका, आणि कुणी कुणाची ब्रा म्हणून बघितलेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण ओळखायचा तो टॉवेल, खालचं असेल ते आपलं. आणि टॉवेल तर आपण दोघींनीच मार्केटातून जोडीने घेतलेले, निळ्या काठाचे, ‘दोन घेतले तर कमी लावीन’ म्हणाला म्हणून. त्या संध्याकाळी पाणी सुटायची वेळ, सगळी पळापळ, मी दोरीवरून कपडे ओढले, त्यात तुमच्या टॉवेलाखालचंही आलं, आणि तसेच आत नेले.

दुसऱ्या दिवशी तीच घालून केंद्रावर गेले. अक्षताच्या पोळीभाजी केंद्रात मी रोज दोनशे पोळ्या लाटते हे तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या दीडशे पट्टी सावरत लाटायचे हे माहीत नसेल. हात पिठाचे आणि पट्टी खांद्यावरून घसरलेली. मग ती कधी हनुवटीने ओढायची, कधी खांदा उडवून. अक्षता म्हणायची, काकू, नाचताय काय? त्या दिवशी मात्र दोनशे पोळ्या झाल्या आणि पट्टी जागची हलली नाही. खाली काचलं नाही, श्वास पुरा आला. मला वाटलं, माझीच जुनी धुऊन धुऊन वळणावर आली. (तुमचे दीर काही कधी वळणावर आले नाहीत, पण म्हटलं कपडा येत असेल.)

इकडे तुम्ही गॅलरीभर ‘माझी एक वस्तू खंय गेली गो?’ करत फिरत होतात. कसली वस्तू विचारलं की ‘आसा एक’. पुरुष बसलेले, सांगणार कसं? बिचारे भाऊजी काय शोधायचं ते माहीत नसताना दोन दिवस खाटेखाली बॅटरी मारत होते. तात्यांनी चाळीचे सेक्रेटरी या नात्याने फळ्यावर खडूने लिहिलं, ‘सौ. कमलाबाई यांची एक वस्तू हरवली आहे. सापडणाऱ्याने वर्णन सांगून परत करावी.’ वर्णन सांगून! आणि वहिनी, त्या दोन दिवसांत तुमच्याबरोबर मीसुद्धा शोधत होते. तीच अंगात घालून.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुताना आतल्या बाजूला लाल दोऱ्याची फुली दिसली. घरातल्या प्रत्येक कपड्यावर तुम्ही घालता ती. मी ती बादलीच्या तळाशी दडवली. कारण ती काही साधी ब्रा नव्हती. अपूर्वा, आईविना वाढलेली पोर, नवीन लग्न झालेली, तिने पहिल्या पगारात तुम्हाला हाताला धरून दुकानात नेलं, टेप लावून माप घ्यायला लावलं आणि ती घेऊन दिली. तुम्हीच मला पार्टिशनपाशी बसून सांगितलं होतंत, ‘राधे, जन्मात पयल्यांदा कोणी माझा माप घेतल्यान.’ तुमचे डोळे भरले होते तेव्हा.

देवाशपथ सांगते, मी ती द्यायलाच निघाले होते. पदराखाली घेतली, वर हातात फणसाच्या भाजीची वाटी, निमित्ताला. तुमच्या दारात आले आणि आत तुमचा आवाज चढलेला. सकाळी तुमचं आणि तिचं कशावरून तरी वाजलं होतं, आणि तुम्ही त्याला हे जोडलंत. ‘दिलेला परत घेवूक लाज नाय वाटली तुका?’ अपूर्वा म्हणजे काडी. तिच्या अंगात ती दोन वेढे घेऊन बसली असती. पण रागाला माणूस दिसत नाही, माप कुठून दिसणार. ती पोर काही बोलली नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी वाटी ओट्यावर ठेवली, ‘मीठ कमी आहे हं भाजीत’ म्हणाले आणि घरी आले.

मीठ कमी आहे! चार वर्षं ते वाक्य माझ्या कानात आहे.

मग उद्या सांगू, परवा सांगू. आधी भीती होती, मग लाज आली, आणि मग ती दोघं टेंपोत सामान भरून गेलीसुद्धा. खरं सांगू का वहिनी, अजून एक कारण होतं. ती मला बसत होती. सकाळी उठून दोनशे पोळ्या लाटायच्या असल्या की माणूस आपल्या खांद्याचा विचार आधी करतो. मी तशी निघाले, काय करू.

पण पाप असं सुखाने थोडंच टिकतं? यंदा तिचं इलॅस्टिक गेलं, तार बाहेर आली आणि टोचायला लागली. तशीच दुसरी घ्यावी म्हणून लेबल बघितलं, तर धुऊन धुऊन कोरं. दादरला एका दुकानात गेले. काउंटरवर तीन पुरुष, मागे छतापर्यंत डबे. एकाने साइज विचारली, मी घाबरून ‘मध्यम’ म्हणाले. (मिसळ मागवतेय की काय!) तो सभ्य माणूस, माझ्याकडे बघेना. छताच्या पंख्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘अडतीस.’ घालून बघायची सोय नाही, बदलून मिळणार नाही. घरी आणून घातली, तर ती पंख्याच्याच मापाची होती. मग लालबागच्या फुटपाथवरून एक घेतली, ‘फ्री साइज, सबको आता है.’ सगळ्यांना येते ती कुणालाच येत नाही हे मला या वयात कळायला हवं होतं.

तीच घालून केंद्रावर लाटत होते. साठाव्या पोळीला पाठीत टुणकन काहीतरी सुटलं. हूक उडाला, आणि शेजारी कणकेची परात उघडी. माझ्या तोंडून निघालं, ‘अगं बाई, माझी एक वस्तू पडली!’ कसली? ‘आहे एक, बारीकशी.’ झालं. पाच बायका परातीत हात घालून शोधतायत आणि काय शोधायचं ते कुणालाच ठाऊक नाही. एक म्हणते कुडी, एक म्हणते दाताची चांदी. तेवढ्यात अक्षता कणीक मळणाऱ्या मंदाबाईवर घसरली. तुमच्या बांगडीचीच काच असणार, गिऱ्हाइकाच्या घशात गेली तर कोण निस्तरणार? मंदाबाई रडकुंडीला आली, पण उलट बोलली नाही. तिचा तो चेहरा बघितला आणि मला तुमच्या ओट्याशी उभी असलेली अपूर्वा दिसली.

मी लाटणं खाली ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, ‘माझ्या ब्राचा हूक आहे.’ डबे न्यायला आलेले दोन पुरुष समोर उभे होते. आभाळ कोसळलं नाही, वहिनी. अक्षता ‘अस्सं होय’ म्हणाली, हूक माझ्याच ब्लाउजात सापडला, पाच मिनिटांत पोळ्या पुन्हा सुरू. पाच मिनिटं! तुमच्या दारात मला एवढंच वाक्य बोलायचं होतं. घरी आले आणि बाथरूमचं दार लावून रडले. सुशांतला म्हटलं, कांदा चिरत होते. तो म्हणाला, बाथरूममध्ये?

मग मूळ दुकान शोधून काढलं. (पत्ता कुणी दिला ते खाली लिहिते.) हिंदमातेजवळ, गल्लीत. तिथे श्रेया नावाची पोरगी टेप घेऊन माप घेते. नमुना म्हणून मी तुमची जुनी पिशवीतून काढली. तिने ती उलटीपालटी केली आणि म्हणाली, ‘काकू, ही तुमची नाहीच.’ चोराच्या मनात चांदणं. म्हटलं, हिला कसं कळलं! ती बापडी मापाचं बोलत होती. पट्टा मोठा, वरचा भाग लहान, म्हणे चार वर्षं तुम्ही कशी घातलीत? म्हणजे बघा, जिच्यापायी मी तुमचं घर मोडलं ती मला नीट बसतसुद्धा नव्हती. आधीच्यांपेक्षा कमी काचत होती, एवढंच.

आता नीट मापाची मिळाली आहे. अंगात आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. आणि तरी छातीवरचं ओझं हललं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

माफ करा असं मी म्हणणार नाही. शिव्या घाला, तुम्हाला मालवणीत छान जमतात. पण माझ्यावरचा राग माझ्यावरच काढा आणि डोंबिवलीला जा. आधी इकडे उतरलात तर मी न्यायला येईन. इथे गॅलरी नाही, हॉलमध्ये स्टँड आहे, आणि परवापासून मी त्यावर सगळं उघडं वाळत घालते. सुशांतने एकदा बघितलं आणि पेपर वर धरला.

भाऊजींना नमस्कार. पिल्लांना दूध घालत जा.

तुमची (म्हणायला तोंड नाही, तरी)
राधा

ता. क. : दुकानाचा पत्ता अपूर्वाने दिला. गेल्या रविवारी लाडू घेऊन तिच्याकडे गेले होते. (कबुली द्यायला नव्हे हो, पत्ताच काढायला. आता काय लपवायचं.) मी आडून विचारलं, सासूला ती वस्तू घेतलीस ते दुकान कुठलं गं? तिने कागदावर लिहून दिलं आणि विचारलं, ‘काकू, ती फाटली का?’ मी होते तिथेच बसले. आळ आल्यानंतर चार दिवसांनी वाऱ्याने माझा टॉवेल उडाला होता, तेव्हाच तिने खालची लाल फुली बघितली होती. म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, ‘आई माझ्याशी भांडल्या तर मला हर्षवर्धन होता. तुमच्याशी भांडल्या असत्या तर त्यांना बोलायला कोण होतं?’

ता. ता. क. : सोबतच्या पार्सलात दोन डबे आहेत. वरचा तुमच्यासाठी. तुमचं माप अपूर्वाला अजून तोंडपाठ आहे. खालच्या डब्यातली पुढून उघडणारी आहे, बाळाला पाजणाऱ्या बाईसाठी. ती अपूर्वाची. खरं तर सगळं पत्र या डब्यासाठीच लिहिलं. तो मी पाठवला असं तिला सांगू नका. तुम्ही कणकवलीत दुकानं पालथी घालून आणलीत म्हणा आणि स्वतःच्या हाताने द्या. डब्यावर हिंदमातेचा पत्ता छापलेला आहे, तो तिला दिसेलच. पण ती काही बोलणार नाही.