झालं म्हंजे काय झालं?

आबा, तुम्ही कुणाच्याच ‘झालं’वर विश्वास ठेवत नव्हता. शाहूपुरीतल्या आपल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कुणी काम संपवून हात पुसायला लागलं, की तुम्ही लगेच विचारायचात, “झालं म्हंजे काय झालं?” तेव्हा मला राग यायचा. आता मीही तशीच संशयी झालेय. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरची वीज वाचवणं हे माझं काम. त्याच्या ज्या भागाला काम नाही त्याला झोपवायचं, काम आलं की उठवायचं. मशीन सुरू होताना माझा प्रोग्रॅम या भागांची एकामागून एक जुळणी करतो. मध्येच एखादा अडला, तर आधी जोडलेले उलट्या क्रमानं सोडवायचे आणि वरच्या मुख्य प्रोग्रॅमला खरं कळवायचं, की जमलं नाही. मग मशीन साध्या पद्धतीनं चालतं, वीज थोडी जास्त खातं इतकंच.

गेल्या महिन्यात ऑफिसातली मशीनं चालता चालता हँग व्हायला लागली. जुळणीच्या प्रोग्रॅमची फाइल माझ्याखेरीज शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही बदलता यायची, आणि मला पहिल्यापासून त्याचाच संशय. बोलणं गुळमुळीत, काही विचारलं की नजर चुकवणार. “मॅडम, त्या फायलीला मी हातबी लावला न्हाय की,” तो म्हणाला. मी साहेबांकडे त्याचं नाव सांगून मोकळी झाले. त्याला काढायचं जवळजवळ ठरलं, तेव्हा पुरावा पक्का करावा म्हणून मी ती फाइल ओळीनं वाचायला घेतली. तिसरा भाग अडल्यावर पहिले दोन तसेच सोडून देणारी आणि वर ‘सगळं ठीक’ कळवणारी ओळ माझीच निघाली. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. त्याची नोकरी राहिली, पण तो अजून माझ्याबरोबर चहाला येत नाही.

आता खरं सांगायचं ते. कॉलेजच्या सुट्टीत मी दुकानात बसायचे. शाहूवाडीच्या एका पावण्यांची पंपाची मोटार आली होती आणि तुम्ही लग्नाला गेला होता. एक वायर नीट बसेना. सगळं उलगडून पुन्हा बसवायचं सोडून मी ती कशीबशी कोंबली, झाकण लावलं आणि म्हणाले, झालं. दोन दिवसांत मोटार जळून परत आली. तुमचा संशय थेट चाचांवर गेला. माझ्या जन्माआधीपासून तुमच्याकडे वाइंडिंग करणारे चाचा तेव्हा स्वतःचं दुकान काढणार, असं तुमच्या कानावर आलं होतं. “मालक, झाकण मी उघडलंबी न्हाय. इतक्या वर्सांत मला एवढंच वळखलं व्हय?” इतकं बोलून ते चपला घालून गेले, ते गेलेच. मी तिथेच उभी होते, हातात कप. तुम्ही मला विचारलंच नाही. पोटच्या पोरीवर तुम्हाला एकदाही संशय आला नाही, त्याचाच मला अजून राग येतो.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे आबा, तुमचं उत्तर यायचं नाही आणि हा कागदही कुठे जायचा नाही. चाचा मात्र हयात आहेत. त्यांच्या दुकानावरून स्कूटर नेताना मी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेते.