कालचं पुसून आजचं

सोमवार, ३ नोव्हेंबर
उद्यापासून ब्लॉग. कारणं नोंदवून ठेवतो, नंतर घोळ नको. एक, रिटायर झालो, वेळ आहे. दोन, भोईवाड्यातल्या आमच्या चाळीचा फळा एकतीस वर्षं मीच लिहितोय, हात तयार आहे. तीन, समाजाला विचारांची गरज आहे. मीनाक्षी नऊ दिवसांपूर्वी कॉटन ग्रीनला भावाकडे राहायला गेली, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. जाताना म्हणाली, सगळ्या चाळीला सांगायला तुमच्याकडे शब्द आहेत, बायकोला सांगायला एक नाही. मी गप्प बसलो. उगाच वाद वाढवायचा नसतो.
काही वाटत नाही. वाटेल असं वाटलं होतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
अक्षताने डोंबिवलीहून फोनवर ब्लॉग उघडून दिला. म्हणाली, बाबा, मनातलं लिहा, मी आईला दाखवीन. मुलीचा गैरसमज झालाय. ब्लॉग समाजासाठी आहे. पहिली पोस्ट, ‘वेळेचे महत्त्व’. खाडाखोड नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
कालचं पुसून ‘शिस्त’ लिहिलं. नियम फळ्याचाच. शिळं ठेवायचं नाही, दहापर्यंत सगळ्यांचं वाचून होतं. इथे पुसायला कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे. फडकं ओलं करावं लागत नाही, बोटं पांढरी होत नाहीत. सायन्स फार पुढे गेलंय.
स्वयंपाक शिकायचं ठरवलं. उद्यापासून. आज खारी आणि चहा.

शनिवार, ८ नोव्हेंबर
शेजारच्या मालनवहिनींनी विचारलं, भावजी, वहिनी कधी येतली? चार दिवसांत, म्हणून सांगितलं. त्यांनी काळ्या वाटाण्याचं सांबारं दिलं. कसलीच चव लागली नाही. मीठ विसरल्या असतील.

रविवार, ९ नोव्हेंबर
अक्षता दर रविवारी मामाकडे जाते. आईला ‘कचरा व आपण’ दाखवलं, ती ‘हं’ म्हणाली. प्रतिसाद चांगला आहे. अक्षताने विचारलं, एकच पोस्ट कशी दिसते? म्हटलं, माझ्याकडे रोज ताजं असतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर
सकाळी चहा दोन कप झाला. हाताची सवय. दुसरा दुपारी प्यायलो. वाया काही गेलं नाही.
स्वयंपाक सोमवारपासून.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी ६
‘श्रमदान’ लिहायला बसलो आणि भलतंच लिहून गेलो. इथे उतरवून ठेवतो.
मीनाक्षी, घरात बोलायला कुणी नाही. तू होतीस तेव्हा मी बोललो नाही, ती माझी चूक. मला करमत नाही. ये.
ब्लॉगवर टाकलं. टाकताना रडलो. सर्दी झालीय असं लिहिणार होतो, पण नाही झालेली.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी १०
चोवीस तास उलटून गेले. तिने वाचलं असणार. न वाचायला काय झालं? कालचं पुसलं. उद्या चाळीची टाकी धुणार आहेत, ती सूचना फळ्यावर लिहिली, तीच ब्लॉगवरही टाकली.
आज हलकं वाटतंय. दारापुढची गॅलरी झाडली. येणाऱ्या माणसाला बरं दिसावं.

रविवार, १६ नोव्हेंबर
दुपारी अक्षताचा फोन. आज आई आपणहून म्हणाली, बघू, तुझ्या बाबांनी काय लिहिलंय. चष्मा लावून बसली. ब्लॉगवर होतं, ‘टाकी धुण्याचे काम असल्याने रविवारी पाणी येणार नाही. रहिवाशांनी आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे.’ आईने म्हणे दोनदा वाचलं.
मी सांगितलं, शुक्रवारचं वेगळं होतं. कुठाय, म्हणाली. पुसलं, म्हटलं. ती म्हणाली, बाबा, तो फळा नाही. तिथे पुसायचं नसतं, एकाखाली एक सगळं राहतं.
हे तिने आधी सांगायला हवं होतं.
मग म्हणाली, आई शेजारीच आहे, काय लिहिलं होतं ते तिलाच सांगा. आणि फोन दिला.
वही समोर उघडीच होती. शुक्रवारचं पान. नुसतं वाचून दाखवायचं होतं.
म्हटलं, पाणी उद्या सकाळी येईल.
मीनाक्षीने विचारलं, तुम्ही भरून ठेवलंत का?
हो म्हटलं. तिने फोन ठेवला.
मग मोरीत जाऊन पिंपाचं झाकण काढून बघितलं. तळाशी तांब्याभर होतं.