दार वाहणारा माणूस

२ एप्रिल १९८६

पुंडलिकाच्या कादंबरीची पहिली मुद्रिते आज तपासावयास घेतली. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा. आता वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करतो. भाषा निर्दोष — ते श्रेय माझे. कथानक मात्र! एक अनामिक माणूस पाठीवर लाकडी दार घेऊन शहरभर हिंडतो. दाराची खालची कड जळालेली. लोक कडी वाजवतात, त्या दारातून आत जातात आणि नाहीसे होतात. कारखान्याच्या फाटकावर दाराची हजेरी लागते, माणसाची नाही. हा गृहस्थ काही बोलत नाही, काही इच्छीत नाही. दार खाली ठेवीत नाही, एवढेच.

का ठेवीत नाही? निम्मी कादंबरी संपली — उत्तर नाही.

६ एप्रिल

पुंडलिक छापखान्यात आला होता. नायकाला हेतू हवा, हे त्याला समजावून सांगितले. हेतूवाचून ध्यास म्हणजे नुसती सवय. सवयीवर कादंबरी उभी राहत नाही. मालक पुंजाराम यंत्राला तेल घालता घालता मध्येच म्हणाला, "सर, तुमाला कळंना व्हय? ते दार म्हंजे विद्यापीठाचं गेट. नाव बदलस्तोवर खाली ठेवायचं नाय त्यानं." समोरच्या भिंतीवर नामांतराच्या घोषणा रंगवलेल्या आहेत, त्या रोज वाचून आपल्याला सर्व प्रतीके उमगतात, असा त्याचा समज.

पुंडलिक हसला. "तसं वाचणारे तसं वाचतील. पण सर, कारण घालायचं मी विसरलो नाही. घातलं नाही."

मग कशासाठी, ते सांगितले नाही. वडील अंथरुणाला खिळले आहेत. त्यांना वाचता येत नाही. पुस्तक वाचून दाखवावयाचे आहे, तेव्हा लवकर व्हावे — एवढेच.

९ एप्रिल

भाजीबाजारात वांगी निवडताना तोच माणूस डोळ्यांपुढे. मला काय त्याचे!

१५ एप्रिल

शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पाने, जुळून तयार झाली. पुंडलिक काल जयंतीच्या मिरवणुकीत, आज कामावर; येऊ शकला नाही. पुंजारामाला थांबणे अशक्य — लग्नसराई. अक्षरांचे खिळे अपुरे, ही पाने छापून मोडल्याखेरीज लग्नपत्रिका जुळवता येत नाहीत. छपाईच्या संमतीची सही तुम्हीच करा, पुंडलिकाचा तुमच्यावर भरवसा आहे, असे त्याचे म्हणणे.

केली. सहीपूर्वी अखेरच्या पानाच्या समासात एक वाक्य घातले: 'जळालेल्या घराच्या जागी पुन्हा घर उभे करावे, या एकाच इच्छेने तो ते दार वाहत होता.' वाक्य सुडौल आहे. सबंध कादंबरी त्यावर तोलली जाते. पुंडलिक प्रथम रागावेल, मागाहून आभार मानील.

१९ एप्रिल

छापून झाले. खिळे सोडले. त्याच अक्षरांतून आता कोणाच्या तरी मुलीचे लग्न जुळते आहे. कारखान्यातून परतताना पुंडलिक छापलेल्या फर्म्यांचा एक संच तसाच, न बांधता, घेऊन गेला. घाईत होता. उघडून पाहिले नाही.

२८ एप्रिल

पुंडलिकाचे वडील सखाराम वारले. मुकुंदवाडीस भेटावयास गेलो. रुळांपलीकडे एकच खोली, पत्र्याची. आतल्या भिंतीला एक दार टेकवलेले होते. सागवानी. खोलीच्या चौकटीहून मोठे. खालची कड जळालेली.

मला बसता येईना.

पुंडलिकाची आई गोजरबाई हिने सांगितले. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत गावातले त्यांचे घर जाळले. सखाराम तेवढे दार पाठीवर घेऊन येथवर चालत आला. पुढे ते ना कोठे बसवले, ना विकले. कशाला आणलेस, असे कोणी विचारले की उठून बाहेर जाई. पुंडलिकाने मात्र कधी विचारले नाही.

"म्हणून तर बापलेकाचं जमायचं," ती म्हणाली. "पुस्तक आयकताना लई हसत व्हते, गुरुजी. दाराची हजेरी लागती म्हणं! शेवटाला काय आलं की, गपच झाले. म्हणले, घर? मला कुठं घर बांधायचं व्हतं? तूबी इचारलंसच की रं, पुंडलिका. मंग भिताडाकडं तोंड केलं. पुन्हा बोलले नाय."

पुंडलिक मला रुळांपर्यंत पोचवावयास आला.

"ते वाक्य माझं नाही, असं सांगितलं मी त्यांना. म्हणाले, तुझ्याच पुस्तकात छापलंय ना?"

बस्स. माझ्यावर रागावला नाही. रागवावयास हवे होते.

४ मे

ते पान माझ्या खर्चाने नव्याने छापून द्यावे, असे पुंजारामास सुचवले. त्याने पुंडलिकास विचारले. उत्तर असे आले, की ज्याला ऐकवायचे होते त्याने ऐकले. आता फर्मे बांधणीस जाणार नाहीत.

पुंजाराम माझ्याकडे न पाहता पत्रिका मोजत राहिला.

७ मे

सखारामाने दार का वाहिले असेल? गावापासून येथवर! काहीतरी असणारच.

८ मे

नसेलही.

१३ मे

सकाळी बाहेर आलो, तो जिन्याखाली भिंतीला टेकवून ते दार. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पाठीवर घेतले आणि एकेक पायरी चढून वर आणले. शेजारच्या सारजाबाईंनी विचारले, "सर, ह्ये कशाला?"

मी दार सावरले आणि आत गेलो.