पाचव्या भेटीतलं ‘नाही’

ड्रोहेडा
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं

प्रिय उल्काताई,

माझी जेवणाची सुट्टी चालू आहे आणि मी नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत बसलोय. सकाळपासून बेचाळीस चादरींच्या घड्या घातल्या. शेवटचं मशीन अजून फिरतंय, त्याला अडतीस मिनिटं लागतील. तेवढ्यात हे लिहून पूर्ण करायचं आहे. फोनवर मला जमणार नाही. तू मध्येच काही विचारशील आणि मी घाबरून पुन्हा भलतंच सांगून बसेन.

उपेंद्रदादाने तुला कळवलंच असेल, तुझ्या आईची समुपदेशक आयलीन, तिची सुनावणी २३ तारखेला आहे. नेमकी भाऊबीज. इथं या देशात समुपदेशकांची सरकारी नोंदणी अजून पूर्ण झालेली नाही, म्हणून दादाची तक्रार तिच्या संघटनेकडे गेली. त्यांची समिती ठरवेल की आयलीनने हे काम पुढे करायचं की नाही. सध्या तिचं काम बंदच ठेवलंय. मागच्या शनिवारी ती मला सुपरमार्केटमध्ये दिसली. मी साक्षीदार, त्यामुळे तिला माझ्याशी बोलता येत नाही. तिने मान हलवली, टोपलीतला ब्रेड परत जागेवर ठेवला आणि निघून गेली. माझ्यामुळे ती काही न घेता गेली.

तुझी आई, म्हणजे माझी मावशी, इथं दादाकडे कशी राहत होती ते तुला फोनवरून कळणं शक्य नव्हतं. दादा लांब चेरीवूडच्या ऑफिसला सकाळी सव्वासहाला निघायचा, अश्लेषावहिनी त्याच्या मागोमाग. पोरं शाळेतून आली की मावशी त्यांना काही विचारायची, ती इंग्रजीत उत्तर देऊन वर पळायची. मावशी मला म्हणायची, “पोट्ट्यायले माझं सगळं समजते रे, मले त्यायचं काहीच समजत नाही.” आणि तुला फोन लावला की सांगायची, लय लाड करतेत. जानेवारीत तिने जेवण जवळजवळ सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी समुपदेशनाला पाठवलं. दर मंगळवारी अकरा वाजता. माझी सुट्टी मंगळवारची होती, म्हणून न्यायचं काम माझ्याकडे आलं.

आयलीनने पहिल्याच दिवशी सांगितलं की नातेवाइकाने दुभाषा होणं नियमात बसत नाही. मराठीचा दुभाषा मिळत नव्हता. हिंदीचा फोनवर मिळत होता, तर मावशी म्हणाली, “त्या फोनातल्या बाप्याले मी माझं घर काहून सांगू?” मग आयलीनने वरिष्ठांना विचारून, दुसरा कोणी मिळेपर्यंत, दोन भेटींपुरती माझ्यासाठी परवानगी काढली. प्रत्यक्षात नऊ भेटी झाल्या. एवढी चूक तिची आहे आणि ती तिने मान्य केली आहे.

तिने एक कागद वाचून दाखवला होता, तो मी ओळीनओळ मराठीत सांगितला. इथं बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही. मात्र लहान मुलाला धोका असेल, न्यायालयाने मागितलं, किंवा तुम्ही स्वतःच्या जिवाचं काही करणार असाल, तर मला गप्प राहता येणार नाही, मी डॉक्टरांना कळवीन आणि गरज पडली तर घरी. मावशीने शेवटचं वाक्य मला दोनदा सांगायला लावलं. मग आयलीनकडे बघून गोड हसली. आयलीन “ग्रँड, ग्रँड”, म्हणजे ‘छान, छान’, म्हणाली. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, “तुयी ग्रँडबाई चांगली हाय. पन थे शेवटचं तिले कधी सांगायचं नाही, समजलं?” मी हसलो. तिची नेहमीची थट्टा वाटली मला.

पाचवी भेट ११ मार्चला झाली. मावशी बराच वेळ बोलली. सकाळी डोळे उघडले की राग येतो, अजून जित्तीच हावो म्हणून. हे ती मला सांगत होती, तसंच बसून, हातातला रुमाल नीट करत. मी इंग्रजीत सांगितलं की तिला सकाळी प्रसन्न वाटत नाही. आयलीन माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटलं असावं, कारण तिने पेन खाली ठेवून अगदी सरळ विचारलं: जीव संपवावा असं मनात येतं का? मी तो प्रश्न मराठीत नीट विचारला, ताई. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मावशी म्हणाली, “येते. पन तू नाही म्हन. हिनं उपेंद्रले सांगतलं तर थो मले नागपूरले धाडन, अन् उल्कीच्या घरात आधीच सासू खाटेवर हाय.” आयलीन म्हणाली, “काय म्हणतात त्या?” मी म्हणालो, “नो.”

तिने ते लिहून घेतलं. पुढच्या चारही भेटींत तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मावशी माझ्याकडे बघायची आणि मी तेच सांगायचो. मला वाटायचं, मी मावशीचा शब्द पाळतोय. वाटायचं की बोलून ती हलकी होतेय. डिप्लोमा अर्धवट सोडलेल्या मला कोणी इतक्या विश्वासाने काही सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये मावशी स्वतःच्या हाताने गेली, ते तुला माहीत आहे. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना दादाने मला जिन्याखाली ओढून विचारलं, “त्या बाईने तिला कधी विचारलंच नाही का रे?” मी ‘नाही’ अशी मान हलवली. तेवढ्या एका मानेवरून दादाने तक्रार लिहिली, आणि ऑगस्टमध्ये माझं निवेदन टाइप केलं: नऊ भेटींत एकदाही विचारणा झाली नाही. मी स्पेलिंग तपासली, एक चूक सापडली ती दुरुस्त केली आणि सही केली. दादा यात खोटं बोललेला नाही. त्याला जे कळलं ते माझ्याकडूनच. आयलीनच्या वहीत ‘नाही’ लिहिलंय, पण ते तिने नंतर घुसवलं असं दादाला वाटतं, आणि माझी सही त्याच्या बाजूने आहे.

आज सकाळी कामावर येताना मी समितीला दुसरं निवेदन टपालाने पाठवलं, नोंदणी करून. त्यात पहिली सही खोट्यावर केली हे लिहिलंय आणि पाचव्या भेटीतलं मावशीचं वाक्य जसंच्या तसं, तुझ्या नावासकट. नाव वगळलं असतं तर मी पुन्हा तेच केलं असतं. ते पाठवल्यावरच तुला लिहायला बसलो, कारण तू नको म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो. दादाची गाडी संध्याकाळी सहा चाळीसला येते. मी स्टेशनवर जाऊन त्याला हे सगळं तोंडाने सांगणार आहे. या पानांचे फोटो तुला लगेच पाठवतो, म्हणजे त्याआधी तुझ्या हातात येतील. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण सात वाजता, म्हणजे तुझ्याकडे रात्री साडेअकराला, दादाला फोन कर आणि तो उचलेपर्यंत करत राहा. आज त्याला एकट्याला ठेवायचं नाही.

तुझाच,
बाळू