फौजेच्या ट्रेलरचा उजवा दिवा

अप्पा, माझ्या अंगणात सध्या फौजेचा एक ट्रेलर उभा आहे. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी नोकरी सोडली आणि नंजनगूडच्या रस्त्याला जागा भाड्याने घेऊन रोपांची नर्सरी काढली, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. रोपं पोचवायला एकटी पिकअप पुरेना, तेव्हा लिलावातून आलेला हा ट्रेलर मिळाला. हिरव्या रंगावर कुणीतरी पुन्हा हिरवाच रंग फासलाय. मागच्या दिव्यांवर त्या काळ्या टोप्या अजून तशाच आहेत. गडी तो ढकलत आत आणत होते, तेव्हा मी आधी गुडघ्यांवर बसून त्याच्या पोटाखाली पाहिलं. आसावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आहे आणि त्याच्या वर बोटभर दिवाही आहे. अंधारात मागच्या गाडीने फक्त तो ठिपका बघत चालायचं, हे तुम्हीच दाखवलं होतं मला, मंडी मोहल्ल्यातल्या आपल्या वायरिंगच्या शेडमध्ये, असंच वाकायला लावून. "फौजेला दिवा लपवायचा असतो, पुट्टी. आपल्या लोकांना दाखवायचा असतो. एवढंच आपलं काम."

काम तेवढंच नव्हतं. फौजेच्या गाडीत चोवीस व्होल्ट, आपल्या जीपमध्ये बारा. त्यांचा तो जाडजूड गोल प्लग आपल्या सॉकेटात बसत नाही, म्हणून तो कापून सात पिनांचा लावायचा. लपवायच्या दिव्यांच्या वायरी सोडवायच्या, वळायचा पिवळा दिवा वेगळा बसवायचा, सगळे बल्ब बदलायचे. आणि अर्थिंगची पांढरी वायर ट्रेलरच्या शेपटापासून जीपपर्यंत अखंड ओढायची, कारण हुकाच्या लोखंडावर तुमचा विश्वास नव्हता. दिव्यांच्या लाल काचा घरी यायच्या. आई त्या रिठ्याच्या पाण्यात उकळायची आणि मी पाटावर बसून केरोसीन लावून ब्लेडने काळा रंग खरवडायची. शेजारच्या चुलीवर सार. "एक दिवस साराला केरोसीनचा वास येईल, मग मला बोलायचं नाही," आई म्हणायची. तुम्ही भुरका मारून विचारायचात, "आज येत नाही म्हणून कोण म्हणालं?" आई पळी उगारायची आणि तुम्ही ताट घेऊन ओट्यापासून हातभर लांब सरकायचात.

शेडमध्ये माझी कामं दोन. तुम्हाला चाळिशी लागली होती आणि चष्मा घ्यायचा नव्हता, गिऱ्हाईक म्हातारा म्हणेल म्हणून. बल्बच्या पितळी बुडावरचा आकडा तुम्हाला दिसेना, तो मी वाचायचा. मग तुम्ही पुढे जीपमध्ये बसून ब्रेक दाबणार आणि मी मागे उभी राहून काय लागतंय ते ओरडून सांगणार. चौदा वर्षांच्या मुलीला यात काय गंमत वाटणार, असं आता कुणी विचारेल. पण मला वाटायची. तुमच्या एवढ्या मोठ्या कामाचं शेवटचं वाक्य माझं असायचं.

तो दसऱ्याचा आठवडा आहे. सोसले गावचा एक केळीवाला सकाळपासून शेडच्या दारात बसलाय आणि दर पाच मिनिटांनी "बेगा माडी, स्वामी, लवकर" म्हणत घड्याळ बघतोय. मला त्याच्यापेक्षा जास्त घाई आहे. चार वाजता मैत्रिणीची आई आम्हाला प्रदर्शनाला नेणार आहे आणि माझी नखं ग्रीसने काळी आहेत. नळापाशी मी ती साबणाने घासत बसले, तेव्हा तुम्ही त्या माणसासमोर म्हणालात, "राणीसाहेब, अंबारीत बसायला निघालात काय? कामाचा हात काळाच असतो, सरी ना? लाज वाटत असली तर उद्यापासून येऊ नको." केळीवाला हसला. तुम्हीही थोडं हसलात. मी तशीच येऊन बल्बच्या डब्यापाशी बसले आणि ठरवून टाकलं की आता विचारतील तेवढंच बोलायचं.

शेवटचा बल्ब तुम्ही माझ्या हातात दिलात. "ह्याच्यावर काय?" मी म्हटलं, "बारा." तुम्ही तो घेतलात आणि उजव्या दिव्यात बसवलात. मग जीपमधून हाक आली, "नोड गं, बघ, ब्रेक." डावा झगझगीत लाल झाला. "डावा लागतोय." "उजवा?" उजव्या काचेमागे राखेखालच्या निखाऱ्याएवढा उजेड होता. चोवीसचा बल्ब बारावर असाच लागतो, मेल्यासारखा. हे तुम्हीच मला शिकवलं होतं. शेडमध्ये सावली होती, म्हणून तेवढा तरी दिसला. मी म्हटलं, "लागतोय." "आयतु? झालं?" "आयतु." केळीवाला ट्रेलर घेऊन निघाला आणि मी चप्पल शोधायला लागले. प्रदर्शनात मी एक लाल नेलपॉलिशची बाटली घेतली आणि घरी येऊन कंपासपेटीत लपवली.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. केळीवाल्याने भर उन्हात ट्रेलर भरून आणला होता, डाव्या दिव्यावर केळीची पानं लोंबत होती. पुढे बस थांबली म्हणून त्याने ब्रेक मारला. मागे मोपेडवर त्याच्याच गावचा शिंपी होता, त्याला काही दिसलं नाही, तो ट्रेलरवर आदळला. जीव वाचला, उजवा गुडघा गेला. तुम्ही खिशात स्क्रू-ड्रायव्हर घालून गेलात आणि रात्रीच्या जेवणाला परत आलात. मी ताटावर बसले होते. तुम्ही आईला सांगत होता की आधी इस्पितळात गेलो, मग ट्रेलरपाशी बसून उजवा दिवा उघडला, बल्ब हात लांब करून बघितला, दिसेना, तेव्हा कुणाचा तरी चष्मा मागून आकडा वाचला. "चोवीस. पोरीने नीटच वाचलं असणार. मीच डब्यातला दुसरा उचलला. माझेच डोळे." आई म्हणाली, "तिला विचारा तरी एकदा." तुम्ही मान हलवलीत. "तिला काय विचारायचं? तिचे डोळे चांगले आहेत."

माझ्या हातात घास होता. तो मी खाल्ला, अप्पा. त्यानंतर ताकही घेतलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चष्मा केलात. जाड काळ्या काड्यांचा, नाकावरून घसरणारा. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणालात, "पायाच्या बोटाला ते लाल काय लावलंय, ते दे जरा." मी करंगळीच्या नखालाच लावलं होतं, कुणाला दिसू नये म्हणून. तुम्ही शेडमध्ये बसून चोवीसच्या प्रत्येक बल्बच्या बुडाला त्या नेलपॉलिशचा ठिपका लावलात, एकेक फुंकून वाळवलात आणि बाटली परत दिलीत. तळाशी थोडं उरलं होतं. "आता कुणी वाचायला नको," एवढंच म्हणालात. त्या वाक्याचा मी किती वर्षं विचार केला आहे. कधी वाटतं तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तुम्ही माझ्यावरचं ओझंच काढून घेतलंत. कधी वाटतं तसं काही नव्हतं, तुम्ही फक्त एक सोय केलीत. दोन्हीपैकी कोणतं जास्त अवघड, ते मला अजून ठरवता येत नाही.

शिंप्याचा पाय बरा झाला, पण शिलाई मशीनचं पायडल मारण्याइतका नाही. तुम्ही कुठूनशी एक छोटी मोटार आणलीत, आठ दिवस तिच्याशी झटलात आणि कोपराने दाबता येईल असा स्विच स्वतः बनवलात. सोसल्याला बसवायला गेलात तेव्हा मला बरोबर नेलंत, वायरी धरायला. शिंप्याने पहिली शिवण घातली, कापड उलटून पाहिलं आणि म्हणाला, "एक गुडघा गेला तर मोटार मिळाली. दुसरा गेला तर काय देणार, स्वामी?" त्याची बायको हसली. तुम्ही हसला नाहीत. मग त्याने टेप काढून माझं माप घेतलं, एका हाताने काठीवर रेलून. म्हणाला, बाप एवढं करतोय तर पोरीला एक परकर माझ्याकडून. तो हिरवा होता, खाली दोन बोटं जरीची पट्टी. दिवाळीला आईने घाल म्हटलं, मी म्हटलं कंबरेला घट्ट होतो. घट्ट होत नव्हता. मी तो कधीच घातला नाही.

खरं नुकसान त्यानंतरचं. फौजेचे ट्रेलर तुम्ही परत पाठवायला लागलात. "डोळ्यांचं काम आता नको." मीटर उघडणं बंद झालं, डायनॅमोची बारीक तार गुंडाळणं बंद झालं. शेवटची दहा-बारा वर्षं तुम्ही बॅटऱ्यांत पाणी घालून त्या चार्जिंगला लावत बसलात. तुमच्यासारखा हात गावात कुणाचा नव्हता, आणि तुम्हाला वाटत राहिलं की तुमचे डोळे दगा देतात. प्रत्येक गोष्ट मला दाखवायचात, "बघ गं, तुला दिसतं." मी बघायची. तेव्हापासून मी प्रत्येक आकडा दोनदा वाचते, औषधाच्या बाटलीवरचासुद्धा. तुमच्या शेवटच्या दिवसांत इस्पितळात सलाइनचे थेंब मोजत मी तुमच्या उशाशी होते. वेळ भरपूर होता. तुम्ही विचारलंत, "शेडला कुलूप लावलंस?" मी म्हटलं, हो. आणि पुन्हा थेंब मोजायला लागले.

आता या ट्रेलरचं. गावात विचारलं, तर एक जण म्हणाला, "मॅडम, सगळं काढून टाका, नवे एलईडी लावा." असंही करता आलं असतं. पण तुमचा बल्बचा डबा माझ्याकडे आहे. चोवीसवाल्यांवरचे ठिपके अजून लाल आहेत. ते बाजूला ठेवले, बारावाले घेतले आणि चाळिशीचा चष्मा लावून, माझा, तीन दिवस ट्रेलरखाली पडून काम केलं. नवरा पुण्याचा आहे, तो चहा घेऊन यायचा आणि उकिडवा बसून विचारायचा, "ही विद्या तू एवढी वर्षं कुठे लपवली होतीस?" माझ्या बोलण्यात "सरी" आणि "आयतु" आले की त्याला मौज वाटते. म्हणतो, तुझ्या मराठीच्या मागच्या दाराने कन्नड सारखं ये-जा करतं. तुमच्याविषयी त्याला पुष्कळ सांगितलंय. हे सोडून.

आज दुपारी ट्रेलर मुद्दाम झाडाखालून उन्हात काढला. नवरा पिकअपमध्ये बसला, मी मागे. त्याने ब्रेक दाबला आणि खिडकीतून ओरडला, "लागला का गं?" डावा उन्हातही झगझगीत लाल. उजव्यात निखारा. बल्ब बाराचाच होता, मी दोनदा वाचला होता. दिव्याच्या बुडाशी रंगाचा थर राहिला होता आणि अर्थिंग नीट मिळत नव्हतं. पाच मिनिटांचं काम. हे सगळं मला लगेच कळलं. तो पुन्हा म्हणाला, "अगं, लागला की नाही?"

मी म्हटलं, "उजवा मंद आहे, अप्पा."

त्याने ब्रेकवरचा पाय काढला. खाली उतरून मागे आला, दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बुडाशी राहिलेला रंग बोटाने दाखवला. तो पॉलिश पेपर आणायला आत गेला, आणि तो येईपर्यंत मी तिथेच उभी होते.

आता तो दिवा नीट लागतो. हे लिहिताना त्याने दारातून विचारलं, काय लिहितेस, तर मी म्हटलं, रोपांची यादी. कागद तुमच्या डब्यात ठेवणार आहे, लाल ठिपक्यांच्या बल्बांखाली. तुम्हाला सांगायचं ते एवढंच की त्या दिवशी मी चुकीचा आकडा वाचला नव्हता. मी बल्ब उलटून बघितलाच नव्हता. आणि दिवा मंद आहे, हे मला दिसलं होतं. माझे डोळे चांगले होते, अप्पा. तुमचेही.