बदकाला पोस्टात नोकरी लागते

वन्सं,

त्या दिवशी सकाळी मी केर काढला, पाणी भरलं, दूध गॅसवर ठेवलं आणि ते वर येईपर्यंत एक पान होईल म्हणून ओट्याशी उभ्या उभ्याच पुस्तक उघडलं. पान संपलं, दूध उतू गेलं आणि पुस्तकातलं बदक मेलं. तिन्ही एकदमच.

(थांबा, रीत राहिली. साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय म्हणून खुर्चीत बसूनच घातला, चालवून घ्या. तुमचं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? यजमानांची नवी कवळी बसली का, की अजून खिशातच असते? मी ठणठणीत आहे. लाटसाहेबाची चौकशी मी करत नाही. ह्यांनी लाडावून ठेवलेला तो बोका तुमच्याकडे गेल्यापासून गादीवर केस नाहीत, घर कसं लख्ख आहे.)

आता बदक कुठलं ते सांगते. आमच्या शेजारच्या बाई चौथीला शिकवतात. त्यांचा घसा बसला, इतका की डॉक्टरांनी बोलणंच बंद केलं. एक दिवस पाटी घेऊन दारात उभ्या. पाटीवर लिहिलेलं, ‘मी रजेवर आहे तोवर मधल्या सुट्टीनंतर माझ्या वर्गाला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवाल का? रोज एक प्रकरण.’ मी म्हटलं, अहो, मी शाळेची पायरी चढलेली नाही, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘म्हणूनच.’ आता मुक्या माणसाशी वाद कोण घालणार?

पुस्तक एका मुलीचं आणि तिच्या लंगड्या बदकाचं. बदक न्हाणीतल्या घमेल्यात राहतं आणि सगळ्या घरावर हुकूम चालवतं (स्वभाव कुणासारखा ते लिहीत नाही, तुमचे यजमान पत्र वाचतात). बाईंची शिकवायची एक पद्धत आहे. प्रकरण संपलं की पुढे काय होईल ते प्रत्येक मुलाने वहीत चित्र काढून दाखवायचं. मधेच बदक आजारी पडलं. मी वह्या बघितल्या, तर सगळ्या वह्यांत ठणठणीत बदकं! कुणाचं नाचतंय, कुणाचं सायकलवर बसलंय, एकाने तर त्याला माझ्यासारखा अंबाडा घातलाय. आणि पुढच्याच प्रकरणात काय आहे, ते मी सकाळी करपलेल्या दुधाच्या वासात वाचून आले होते.

माझ्याच्याने होईना. त्या पानाशी आले, पुस्तक मिटलं आणि पुढचं पदरचं सांगितलं. बदकाला औषध लागू पडलं. वन्सं, ह्यांच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी मला शेवटपर्यंत ‘उतार पडतोय’ असंच सांगितलंत. रागाने लिहीत नाही. मलाही तेवढंच ऐकायचं होतं.

पण खोट्याला एकदा पाय फुटले की ते घरी थोडंच बसतं? बरं झालेलं बदक दुसऱ्या दिवशी काय करणार? मी त्याला बोटीत बसवलं. मग त्याला चष्मा लागला. मग रिकामं बसून करायचं काय, म्हणून पोस्टात चिकटवलं. चोच कायम ओली, तिकिटं लावायला सोयीचं. मुलं हसून हसून बाकाखाली जायची आणि मी पेन्शनीपर्यंतचा बेत मनात आखून तयार होते.

तेवढ्यात बाईंचा घसा मोकळा झाला आणि त्यांनी चाचणी घेतली. प्रश्न: ‘शेवटी बदकाचं काय झालं?’ झाडून सगळ्या वर्गाने लिहिलं, पोस्टात लागलं. मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं. पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, शेजारी बाई.

“आजी,” मुख्याध्यापक म्हणाले, “हे बदक पोस्टात कधी लागलं?”

“परवा.”

“कायम की हंगामी?”

माणूस मिशीत हसत होता, म्हणून मला जरा धीर आला. म्हटलं, पोरांचे मार्क कापू नका, चूक माझी. तर बाई म्हणाल्या, पोरांना सगळं ठाऊक आहे! वर्गात एक चष्मेवाली आहे, पहिल्या बाकावरची. तिने शाळेच्या कपाटातली दुसरी प्रत काढून बदक बोटीत बसलं त्याच दिवशी शेवट वाचला होता आणि वर्गभर केला होता. तिला बोलावलं. मुख्याध्यापकांनी विचारलं,

“मग पेपरात खोटं का गं लिहिलंस?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आजी रोज त्या पानाशी आल्या की पुस्तक मिटतात. त्यांना झेपत नाही. मग आपण कशाला सांगायचं?”

मग बाई हळूच म्हणाल्या, “ते प्रकरण उद्या वाचाल? नाहीतर मी वाचते.” मी म्हटलं, बघते. आता घरी येऊन तेच बघत बसले आहे.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना पाठीत धपाटा.

तुमची,
भावजय

ता. क. चौकशी नाहीच, पण सांगून ठेवते. लाटसाहेबाला दूध कोमट लागतं. गार दिलं की ताटलीकडे पाठ करून बसतो. आणि वर्तमानपत्र पसरल्याशिवाय झोपत नाही, कालचं चालतं.

आणखी ता. क. त्याला परत पाठवा. भाचा येईल त्याच्याबरोबर, झाकणाच्या टोपलीत. केसांचं मी खोटंच सांगितलं होतं. तो ह्यांच्या खुर्चीत बसून दाराकडे बघायचा, दिवसभर, आणि त्याला काय सांगावं ते मला सुचायचं नाही. म्हणून तुमच्याकडे दिला.

शेवटचं. काल पत्र पेटीत टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. आज मधल्या सुट्टीनंतर वर्गात गेले, तर चष्मेवालीने आपली पाण्याची बाटली आधीच टेबलावर आणून ठेवलेली. मी ते प्रकरण वाचलं, आहे तसं, पुस्तक न मिटता. मग घरी आले आणि ह्यांची खुर्ची झटकून उन्हात ठेवली.